अन्नवाचक चिनी अक्षरे : लेखन व अध्ययन

अन्नवाचक चिनी अक्षरे : भात, गहू, मासा, चहा, मीठ इ. नित्याच्या खाद्यपेयांसाठी चिनी लिपीत वापरली जाणारी अक्षरे. चिनी लिपी वर्णमालेवर आधारलेली नाही. तिच्यातील प्रत्येक अक्षर साधारणपणे एका अवयवाचे (उच्चारखंडाचे) व त्याबरोबरच एका अर्थाचे निदर्शक असते. त्यामुळे ही लिपी शिकणे म्हणजे मर्यादित वर्णांची जोडणी शिकणे नसून, अक्षरांचा एक मोठा संग्रह एकेक करून आत्मसात करणे होय. या संग्रहात अन्नवाचक अक्षरांना विशेष स्थान आहे. त्यांतील कित्येक अक्षरे लिपीच्या उपलब्ध नमुन्यांपैकी सर्वांत जुन्या नमुन्यांत आढळतात. त्यांच्यापासून इतर शेकडो अक्षरे बनलेली आहेत. आणि रोजच्या व्यवहारात ती सतत दृष्टीस पडतात. म्हणून चिनी मुलांच्या व परदेशी विद्यार्थ्यांच्या पहिल्या धड्यांत ती हटकून येतात. प्रस्तुत नोंदीत चिनी शब्दांचे उच्चार उत्तरेकडील प्रमाण बोलीनुसार व स्थूलमानाने दिले आहेत. उच्चारांतील चढउतार (स्वर) देवनागरीत दर्शविलेले नाहीत.

उगम : चिनी लिपीचे सर्वांत जुने विपुल नमुने शांग राजवंशाच्या उत्तरकाळातील (सु. इ. स. पू. १२५०–१०४६) कासवांच्या कवचांवर व बैलांच्या खांद्याच्या हाडांवर कोरलेले आहेत. शकुन पाहण्यासाठी वापरलेली ही हाडे हनान प्रांतातील आनयांगजवळ सापडली. १८९९ मध्ये त्यांवरील अक्षरांचे महत्त्व चिनी विद्वानांच्या ध्यानात आले. पीक येईल काय, पाऊस पडेल काय, पितरांना कोणता बळी द्यावा, असे प्रश्न त्यांवर वारंवार आढळतात. साहजिकच धान्य, बैल, मेंढी, मासा यांची चिन्हे त्यांत आहेत. मेंढीसाठी वाकड्या शिंगांचे डोके, माशासाठी खवले व शेपटी असलेला उभा मासा, तर धान्याच्या रोपासाठी (ह) एका बाजूस झुकलेल्या कणसाचे ताट अशी ही चित्रे होती. तांदळाच्या वा एकूणच सडलेल्या धान्याच्या अक्षरात (मी) एका आडव्या रेघेच्या वर व खाली विखुरलेले दाणे दाखविलेले असत.

काही चित्रांचा पुढील प्रवास उद्‌बोधक आहे. गव्हाच्या रोपाचे चित्र असलेले ‘लाय’ हे अक्षर, समान वा जवळच्या उच्चारामुळे, ‘येणे’ या क्रियापदासाठी उसने घेण्यात आले व त्याच अर्थी रूढ झाले. गव्हासाठी मग त्याच चित्राखाली पावलाचे चिन्ह असलेले ‘माय’ हे अक्षर वापरात राहिले. धान्य वाहून नेणाऱ्या माणसाच्या चित्रापासून झालेले ‘न्येन’ हे अक्षर प्रथम ‘सुगी’ व नंतर ‘वर्ष’ या अर्थी वापरले जाऊ लागले. एका सुगीपासून दुसऱ्या सुगीपर्यंतचा काळ म्हणजे वर्ष, अशी ही अर्थाची वाटचाल आहे. ‘दौ’ हे अक्षर मुळात उंच बैठकीच्या एका वाढण्याच्या भांड्याचे चित्र होते. उच्चारसाम्यामुळे ते ‘शेंगवर्गीय दाणा, सोयाबीन’ या अर्थी वापरले जाऊ लागले आणि त्या अर्थाचा ‘शू’ हा जुना शब्द मागे पडला. ‘जेवण, खाणे’ या अर्थाच्या ‘शृ’ या अक्षरात अन्नाने भरलेले भांडे व त्यावर वळलेले मुख आहे, असे सामान्यतः मानतात. त्याच भांड्यासमोर तोंड करून बसलेला माणूस दाखविला, की ‘जवळ येणे, लगेच’ या अर्थाचे, आणि त्याने तोंड फिरविले, की ‘उरकलेले, आधीच’ या अर्थाचे अक्षर होते.

रचना : इ. स. १०० च्या सुमारास श्यू शन याने सिद्ध केलेल्या श्वो-वन ज्ये-ज् या कोशात ९,३५३ अक्षरांचे स्पष्टीकरण असून ती ५४० वर्गांत मांडलेली आहेत. १७१६ च्या खांग-शी कोशात ४७,००० हून अधिक अक्षरे असून वर्गांची संख्या २१४ आहे. प्रत्येक वर्ग एका वर्गसूचक चिन्हावरून ओळखला जातो. बहुसंख्य चिनी अक्षरे दोन भागांची असतात : एक भाग अर्थाचा वर्ग सुचवितो आणि दुसरा उच्चार सुचवितो. अन्नवाचक अक्षरे शिकताना हे तत्त्व फार उपयोगी पडते. मोजकी वर्गसूचक चिन्हे पक्की झाली, की शब्दांचे मोठे कुल एकदम ओळखीचे होते.

या चिन्हांपैकी पुढील आठ प्रमुख होत. (१) तांदूळ वा धान्य (मी) : पीठ (फेन), साखर (थांग), केक वा वडी (गाव) इ. अक्षरांत हे डाव्या बाजूस येते. पेज वा कांजी या अर्थाच्या ‘जौ’ या अक्षरात ते दोन धनुष्यांच्या मधोमध असते. ही धनुष्ये मुळात भांड्यावरील वाफेच्या नागमोडी रेघा असल्याचे मानतात. (२) खाणे (शृ) : शिजविलेला भात वा जेवण (फान), चपटी भाकरी (बिंग), सारण भरलेली उकडीव करंजी (ज्याव) इ. तयार पदार्थांच्या अक्षरांत हे डावीकडे असते. (३) गवत : अक्षराच्या माथ्यावर येणारे हे चिन्ह चहा, भाजी, पात, लसूण, अळू अशा वनस्पतींचे निदर्शक होय. (४) पाणी : डावीकडील तीन ठिपक्यांच्या रूपात ते तेल (यौ), सार (थांग), मद्य (ज्यौ) यांत दिसते. (५) मांस : हे जोडअक्षरात चंद्राच्या चिन्हासारखे दिसते, यकृत, चरबी, पाय इ. शरीराचे व मांसाचे भाग त्याने दर्शविले जातात. (६) मासा : नाना जातींच्या माशांची नावे या चिन्हाने लिहिली जातात. (७) सुरई (यौ) : आंबविण्याशी संबंधित पदार्थ–मद्य, शिर्का (त्सू), आंबवलेल्या सोयाबीनचे ज्यांग, खमीर–या चिन्हाखाली येतात. (८) अग्नी : डावीकडे पूर्ण रूपात किंवा तळाशी चार ठिपक्यांच्या रूपात ते परतणे, भाजणे, उकळणे, वाफवणे इ. पाकक्रिया सुचविते.

उच्चारसूचक भागाची मदत सर्वत्र सारखी नसते. ‘फान’ (भात) यातील उजवा भाग ‘फान’ (उलट) असाच वाचला जातो. ‘थांग’ (साखर) यात थांग राजवंशाच्या नावाचे अक्षर आहे. ‘बिंग’, ‘ज्याव’, ‘फेन’ व ‘यौ’ यांतही उच्चार जवळजवळ नेमका सांगितला जातो. उलटपक्षी अंडे (दान) या अक्षरातील खालचा भाग ‘कीटक’ हा आहे. वरचा भाग आजच्या वाचकाला उच्चाराचा काहीच सुगावा देत नाही. अशी अक्षरे जशीच्या तशी लक्षात ठेवावी लागतात.

लिपीचा व्यावहारिक लाभ समोच्चारी शब्दांच्या बाबतीत स्पष्ट होतो. साखर, सार (सूप) व ‘चटका बसणे’ हे तिन्ही शब्द ‘थांग’ असेच उच्चारले जातात. बोलताना त्यांतील भेद केवळ स्वराच्या चढउताराने होतो. लिहिताना मात्र साखरेला धान्याचे, साराला पाण्याचे व चटक्याला अग्नीचे चिन्ह असते. मद्य व लसणीच्या जातीची एक पातीची भाजी हे दोन्ही शब्द ‘ज्यौ’ असून त्यांचा स्वरही एकच आहे. त्यांपैकी भाजीचे अक्षर जमिनीतून वर आलेल्या पात्यांचे चित्र आहे, तर मद्याच्या अक्षरात पाणी व सुरई आहे.

लेखनाचे नियम : अक्षराचा मूळ घटक रेघ हा होय. आडवी, उभी, डावीकडे उतरती, उजवीकडे उतरती, ठिपका, वर उचललेली, वळण घेणारी व आकड्याने संपणारी अशा रेघा प्रमुख मानल्या जातात. ‘यूंग’ (चिरंतन) या एकाच अक्षरात कुंचल्याच्या आठ मूलभूत फटकाऱ्यांचा सराव होतो, म्हणून सुलेखनाच्या परंपरेत ते आरंभी गिरविले जाते. रेघ कागदावरून लेखणी उचलेपर्यंत एकच धरली जाते. तिने मध्ये काटकोनात वळण घेतले, तरी ती एकच मोजतात. कोशांत अक्षर शोधण्यासाठी रेघांची संख्या उपयोगी पडते, म्हणून हा हिशेब काटेकोर असतो.

रेघांचा क्रम ठरलेला आहे : वरून खाली, डावीकडून उजवीकडे, छेदणाऱ्या रेघांपैकी आडवी आधी व उभी नंतर, डावीकडे उतरती आधी व उजवीकडे उतरती नंतर, चौकट आधी व आतील मजकूर नंतर, तळ बंद करणारी रेघ अखेरीस, आणि दोन्ही बाजू सारख्या असलेल्या काही अक्षरांत मधली रेघ आधी. यांपैकी शेवटच्या नियमाचे ठळक उदाहरण ‘पाणी’ (श्वै) हे होय. त्याच्या चार रेघांपैकी मधली, तळाशी आकडा असलेली उभी रेघ प्रथम काढतात. क्रम पाळल्याने अक्षराचा तोल साधतो व हात न अडखळता चालतो. शीघ्र लेखनात रेघा एकमेकींस जोडल्या जातात, तेव्हा त्या कशा जोडल्या जातील हेही क्रमावरच ठरते. म्हणून क्रम न शिकलेल्यास दुसऱ्याचे हस्ताक्षर वाचणे कठीण जाते.

‘मी’ (तांदूळ) हे अक्षर सहा रेघांचे आहे. प्रथम वर डावीकडे उजवीकडे झुकणारा ठिपका, नंतर उजवीकडे त्याच्यासमोर डावीकडे उतरणारी आखूड रेघ, मग मधोमध लांब आडवी, तिला छेदणारी उभी, आणि शेवटी छेदबिंदूपासून डावीकडे व उजवीकडे उतरणाऱ्या दोन रेघा. हेच अक्षर दुसऱ्या अक्षराच्या डाव्या अंगास आले, की शेवटची रेघ आखडून ठिपक्याएवढी होते, कारण उजवीकडील भागास जागा द्यावी लागते. नवशिक्याच्या लिखाणात हे आखडणे बहुधा राहून जाते व अक्षर फाकलेले दिसते. ‘छा’ (चहा) हे नऊ रेघांचे आहे : माथ्यावर गवताच्या तीन, त्याखाली छपरासारखे पसरणाऱ्या ‘माणूस’ या अक्षराच्या दोन, आणि तळाशी झाडासारख्या भागाच्या चार. माणसाच्या दोन रेघा ऐसपैस पसरल्या, तरच तळचा भाग त्यांच्या आश्रयाला नीट बसतो. ‘दौ’ (सोयाबीन) हे सात रेघांचे असून त्यात वरची आडवी रेघ, तिच्याखाली चौकोनी तोंड, दोन तिरपे पाय व तळाची लांब रेघ आहे; भांड्याचे झाकण, पोट व बैठक अजून त्यात ओळखू येते.

सर्व अक्षरे, रेघा चार असोत वा चोवीस, एकाच मापाच्या काल्पनिक चौकोनात बसवावी लागतात. सरावाच्या वह्यांत हे चौकोन छापलेले असतात. ज्या चौकोनात एक आडवी व एक उभी रेघ असते त्यास ‘थ्येन-ज्’, म्हणजे ‘शेत’ या अक्षराचा चौकोन, म्हणतात. त्यात दोन कर्णही असले, तर तो ‘मी-ज्’, म्हणजे ‘तांदूळ’ या अक्षराचा चौकोन होतो. ही नावे आकारसाम्यामुळे पडलेली आहेत. लहान मुले लाल रंगात छापलेल्या अक्षरांवरून काळ्या शाईने गिरवितात. ही पद्धत जुनी असून आजही प्रचलित आहे.

एका रेघेने अर्थ बदलल्याची उदाहरणे अन्नवाचक अक्षरांत पुष्कळ आहेत. बैल (न्यू) व मध्यान्ह (वू) यांतील फरक इतकाच, की बैलाच्या अक्षरात उभी रेघ वरच्या आडव्या रेघेबाहेर डोकावते. मद्य (ज्यौ) यातील सुरईच्या पोटातली आडवी रेघ राहिली, तर त्याचा अर्थ ‘शिंपडणे’ होतो. कलिंगड-काकडीच्या वर्गाचे ‘ग्वा’ (वेलीवरील फळ) हे अक्षर व ‘पंजा’ या अर्थाचे अक्षर यांची गल्लत नवशिके नेहमी करतात. चहाच्या अक्षरात तळभागात एक रेघ जास्त घातली, तर ‘थू’ हे वेगळे अक्षर होते. ते एका कडू पालेभाजीचे नाव होय.

सरलीकरण : १९४९ नंतर चीनच्या लोकसत्ताक सरकारने साक्षरताप्रसारासाठी अक्षरे सोपी करण्याचे धोरण स्वीकारले. १९५६ मध्ये सरलीकरणाची योजना जाहीर झाली आणि १९६४ मध्ये २,२०० हून अधिक सरल अक्षरांची सूची प्रसिद्ध झाली. चीनच्या मुख्य भूमीवर व सिंगापूरमध्ये ही रूपे रूढ आहेत. तैवान, हाँगकाँग व मकाव येथे पारंपरिक रूपे चालतात. अन्नवाचक अक्षरांत याचा परिणाम चांगलाच जाणवतो. मीठ (येन) २४ रेघांवरून १० वर, कोंबडी (जी) १८ वरून ७ वर, मासा (यू) ११ वरून ८ वर व भात (फान) १२ वरून ७ वर आला. माशाच्या तळाशी शेपटीच्या जागी असलेले चार ठिपके जाऊन एक आडवी रेघ आली. तांदूळ, चहा, सोयाबीन, पाणी, तेल, भाजी ही अक्षरे मात्र मुळातच सुटसुटीत असल्याने तशीच राहिली.

रेघा कमी झाल्याने लिहिणे सोपे झाले, पण काही ठिकाणी रचनेतील सूचकता नष्ट झाली. गव्हाच्या पिठासाठी व शेवयांसाठी पूर्वी ‘म्येन’ हे २० रेघांचे अक्षर होते. त्यात डावीकडे गहू व उजवीकडे उच्चारासाठी ‘चेहरा’ या अर्थाचे ‘म्येन’ होते. सरल लिपीत गहू गळून केवळ चेहरा उरला. आता एकच अक्षर प्रसंगाप्रमाणे ‘चेहरा’, ‘बाजू’ व ‘शेवया’ असे वाचावे लागते. आल्याच्या (ज्यांग) अक्षराचा गवताचा माथा जाऊन ते एका आडनावाशी एकरूप झाले. कोंबडीच्या अक्षरात उच्चारसूचक भागाच्या जागी एक निव्वळ खुणेचा भाग आला. सरलीकरणाचे समर्थक साक्षरतेचा वाढलेला वेग दाखवितात, तर टीकाकार अशा उदाहरणांकडे बोट दाखवितात. तैवान व हाँगकाँग येथे पारंपरिक अक्षरे कायम राहूनही साक्षरतेचे प्रमाण उच्च आहे, ही गोष्टही या वादात नेहमी पुढे केली जाते.

डिसेंबर १९७७ मध्ये सरलीकरणाचा दुसरा टप्पा जाहीर झाला. त्यात भाजी, अंडे, मद्य इ. अक्षरांना आणखी आखूड रूपे सुचविलेली होती. अंड्यासाठी कीटक वगळून ‘पहाट’ या अर्थाचे, पण ‘दान’ असाच उच्चार असलेले पाच रेघांचे अक्षर देण्यात आले. ही रूपे लोकांना फारशी मानवली नाहीत आणि १९८६ मध्ये हा टप्पा औपचारिक रीत्या मागे घेण्यात आला. तथापि बाजारातील हस्तलिखित फलकांवर व उपाहारगृहांच्या पाट्यांवर यांतील काही आखूड रूपे त्यानंतरही टिकून राहिली. दुकानदाराला दिवसातून अनेकदा भाव लिहावे लागत असल्याने त्याचा कल अल्पाक्षरी रूपांकडे असतो. याच्या नेमके उलट उदाहरण शेन्सी प्रांतातील ‘ब्यांग-ब्यांग’ या रुंद शेवयांच्या नावाचे आहे. त्याचे पारंपरिक अक्षर पन्नासांहून अधिक रेघांचे असून ते प्रमाण कोशांत नव्हते; लोकांनी ते यमकांच्या आधारे तोंडपाठ करून टिकविले. २०२० मध्ये त्याचा संगणकीय अक्षरांच्या आंतरराष्ट्रीय संचात समावेश झाला.

परकीय पदार्थांची नावे : बाहेरून आलेल्या पदार्थांची नावे लिहिण्याच्या पद्धतीत चीनच्या व्यापाराचा इतिहास उमटलेला आहे. एक पद्धत जुन्या शब्दास विशेषण जोडण्याची. ‘ज्याव’ हे नाव मुळात जीभ बधिर करणाऱ्या एका देशी मसाल्याच्या फळाचे (तिरफळाच्या जातीचे) होते. मिरीला ‘हू-ज्याव’, म्हणजे परकीयांचे ज्याव, व अमेरिकेतून आलेल्या मिरचीला ‘ला-ज्याव’, म्हणजे तिखट ज्याव, असे नाव मिळाले. मराठीत ‘मिरी’वरून ‘मिरची’ झाली, तिच्याशी हे ताडून पाहण्याजोगे आहे. कलिंगडाला ‘पश्चिमेकडील ग्वा’, तर कांद्याला ‘सागरापलीकडची पात’ म्हणतात. दुसरी पद्धत उच्चार जसाच्या तसा घेऊन त्याला वर्गसूचक चिन्ह देण्याची. द्राक्षाचे ‘फू-थाव’ हे नाव मध्य आशियातून आले व त्याच्या दोन्ही अक्षरांवर गवताचा माथा बसविण्यात आला. सफरचंदाच्या ‘फिंग-ग्वो’ या नावातील पहिला भाग बौद्ध ग्रंथांतील संस्कृत ‘बिंब’ या फळाच्या नावाच्या लिप्यंतराशी जोडला जातो.

साखरेच्या अक्षराला धान्याचे चिन्ह का, याचे उत्तर इतिहासात आहे. चीनमध्ये गोड पदार्थ पूर्वी मोड आणलेल्या धान्यापासून होत असे. इ. स. ६४७ मध्ये थांग सम्राट थाय-त्सुंग याने साखर तयार करण्याची रीत शिकून येण्यासाठी मगध देशी माणसे पाठविल्याची नोंद चिनी इतिहासात आहे. पुढे उसाची साखर सर्वत्र झाली, तरी अक्षरातील धान्य तसेच राहिले. चहाचे अक्षर थांग काळात स्थिरावले. त्यापूर्वी चहासाठीही वर उल्लेखिलेले ‘थू’ हे अक्षर वापरीत. त्यातील एक रेघ वगळून वेगळे अक्षर रूढ झाले. आठव्या शतकात लू यू याने चहावर लिहिलेल्या ग्रंथाच्या प्रसाराचा यास हातभार लागला. हे एकच अक्षर चीनच्या बहुतेक भागांत ‘छा’ असे व फूज्येनच्या किनाऱ्यावर ‘ते’ असे वाचले जाते. डच व्यापाऱ्यांमार्फत ‘ते’ पश्चिम यूरोपात गेला. पोर्तुगीजांनी मकावहून ‘शा’ नेला व खुष्कीच्या मार्गाने ‘चाय’ पसरला. मराठीतील ‘चहा’ हा ‘छा’च्या कुळातला. त्याचप्रमाणे भारतीय उपाहारगृहांतील ‘चाऊमीन’ या नावात ‘छाव’ (परतणे) व ‘म्येन’ (शेवया) ही दोन अक्षरे आहेत. पारंपरिक लिपीत त्यांपैकी एकात अग्नी व दुसऱ्यात गहू दिसतो.

जपानी भाषेतही चिनी अक्षरे वापरली जात असल्याने अन्नवाचक अक्षरे तेथे पोहोचली. पण अर्थ सर्वत्र तोच राहिला नाही. माशाचे चिन्ह असलेले एक अक्षर चीनमध्ये शिंगाळ्यासारख्या मिशा असलेल्या माशाचे, तर जपानमध्ये ‘आयू’ या नदीतील छोट्या माशाचे नाव आहे. जपान्यांनी काही अक्षरे नव्याने घडविली. ‘मासा’ व ‘दुबळा’ मिळून झालेले तारलीच्या जातीच्या माशाचे अक्षर हे त्यांपैकी एक.

अध्ययन : अन्नवाचक शब्दांवरून लेखन शिकविण्याची परंपरा प्राचीन आहे. हान काळातील (इ. स. पू. पहिले शतक) जी-ज्यौ या प्राथमिक पाठ्यपुस्तकात धान्ये व खाद्यपदार्थ यांच्या नावांच्या याद्या आहेत. तेराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या सान-ज् जिंग या बालबोध ग्रंथात सहा धान्यांची नावे येतात. याखेरीज ‘त्सा-ज्’ (संकीर्ण अक्षरे) या नावाच्या स्वस्त पुस्तिका शेतकरी व दुकानदार यांच्यासाठी निघत. परीक्षा देऊन अधिकारी होण्याची आकांक्षा नसलेल्या माणसाला हिशेब, उधारी व बाजारयादी लिहिता यावी, एवढाच त्यांचा हेतू असे. त्यांत धान्ये, भाज्या, भांडी व अवजारे यांची नावे गटवार दिलेली असत. लोकसत्ताक चीनमधील साक्षरतेचे निकषही याच व्यवहारी दृष्टीचे होते : शेतकऱ्यास १,५०० व कामगारास २,००० अक्षरे यावीत, अशी अपेक्षा होती. २०११ च्या शालेय भाषा-अभ्यासक्रमानुसार पहिल्या दोन इयत्तांत सु. १,६०० अक्षरे ओळखता व त्यांपैकी सु. ८०० लिहिता यावीत आणि सहा वर्षांअखेर हे प्रमाण अनुक्रमे ३,००० व २,५०० व्हावे, असे ठरविण्यात आले.

परदेशी विद्यार्थ्यास प्रथम स्वतंत्र चित्राक्षरे (तांदूळ, पाणी, अग्नी, बैल, मेंढी, मासा), मग वर्गसूचक चिन्हे व त्यानंतर जोडअक्षरे अशा क्रमाने शिकविणे सोयीचे ठरते. रोमन लिपीतील ‘फिनयिन’ ही उच्चारलेखनपद्धती १९५८ पासून अधिकृत आहे; तिच्यामुळे उच्चार शिकणे सुलभ झाले, पण अक्षरांचा सराव पुढे ढकलण्याचा मोहही निर्माण झाला. अक्षर ध्यानात राहावे म्हणून गोष्टी रचण्याची प्रथा सर्वत्र आहे. मासा व मेंढी मिळून ‘ताजे, रुचकर’ (श्येन), धान्य व गोड मिळून ‘सुगंध’ (श्यांग) यांसारख्या जोड्या सहज स्मरणात राहतात. मात्र अशा सर्वच गोष्टी खऱ्या व्युत्पत्तीला धरून नसतात. ‘सलोखा’ या अर्थाच्या ‘ह’ या अक्षरात धान्याचे रोप व मुख आहे. त्यावरून ‘सर्वांच्या मुखी अन्न म्हणजे सलोखा’ असा अर्थ काढला जातो. वस्तुतः येथे रोपाचे चिन्ह केवळ उच्चारासाठी आलेले आहे. स्मरणाचे साधन म्हणून अशी गोष्ट चालेल, पण ती लिपीचा इतिहास म्हणून घेऊ नये.

संगणक व भ्रमणध्वनी यांच्या प्रसारानंतर हाताने लिहिण्याचे प्रसंग कमी झाले. उच्चार रोमन लिपीत टंकित करून समोर येणाऱ्या अक्षरांतून योग्य ते निवडणे ही आता बहुतेकांची सवय आहे. यात अक्षर ओळखावे लागते, घडवावे लागत नाही. परिणामी सुशिक्षितांनाही ओळखीचे अक्षर लिहिताना मध्येच अडावे लागते. या अवस्थेला चिनी भाषेत ‘लेखणी उचलताच अक्षर विसरणे’ या अर्थाचा चार अक्षरी वाक्प्रचार आहे. २०१३ मध्ये चिनी मध्यवर्ती दूरचित्रवाणीने शालेय विद्यार्थ्यांची अक्षरश्रुतलेखन स्पर्धा सुरू केली, तीत या विषयाची बरीच चर्चा झाली. प्रश्न केवळ परंपरेच्या अभिमानाचा नाही. ली-हाय तान व त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात चिनी मुलांची वाचनक्षमता त्यांच्या अक्षरलेखनाच्या क्षमतेशी घट्ट निगडित असल्याचे आढळले. २०१३ मधील त्यांच्या पुढील अभ्यासात फिनयिनच्या साहाय्याने अधिक टंकलेखन करणाऱ्या मुलांचे वाचन तुलनेने कमी प्रतीचे दिसून आले. अशा अभ्यासांतून दोन गोष्टी एकत्र आढळतात, एवढे सिद्ध होते. एक दुसरीचे कारण आहे, हे त्यावरून निश्चित ठरत नाही. तरीही अक्षराचे भाग व त्यांचा क्रम हाताच्या हालचालीतून मनात ठसतो, या शिक्षकांच्या जुन्या अनुभवाला त्यामुळे बळकटी मिळाली आहे.

दुसऱ्या बाजूस, प्रौढ परदेशी विद्यार्थ्याने हजारो अक्षरे हाताने लिहिण्याचा आग्रह धरावा काय, याविषयी अध्यापकांत मतभेद आहेत. २०२१ मध्ये अमलात आलेल्या चिनी भाषेच्या आंतरराष्ट्रीय श्रेणीमानकांत यावर मध्यममार्ग काढण्यात आला : सर्वोच्च पातळीपर्यंत ३,००० अक्षरांची ओळख अपेक्षित असली, तरी हाताने लिहावयाची अक्षरे १,२०० व त्यांपैकी प्राथमिक पातळीवर ३०० एवढीच ठेवण्यात आली. अशा मर्यादित संचाची निवड करताना वारंवार वापर, रेघांचा सुटसुटीतपणा व इतर अक्षरांतील पुनरावृत्ती हे निकष महत्त्वाचे ठरतात. अन्नवाचक मूळ अक्षरे या तिन्ही निकषांना उतरतात. तांदूळ, खाणे, पाणी, अग्नी, मासा, बैल व सुरई ही चिन्हे नीट लिहिता येऊ लागली, की जेवणाची यादी वाचण्यापुरतीच नव्हे, तर संपूर्ण लिपीची घडण समजण्यापुरती पूर्वतयारी झालेली असते.